रिओ ग्रान्देचा सी-ट्राउट: फ्लाय फिशिंगच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फ्वेगो बेटावर, रिओ ग्रान्दे ही नदी आहे. फ्लाय फिशिंग म्हणजे किड्यासारखं किंवा छोट्या जिवासारखं दिसणारं हलकं कृत्रिम आमिष, म्हणजे फ्लाय, टाकून गरवणं. त्यासाठी या नदीबद्दल मराठी गरवणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पॅटागोनियातल्या, म्हणजे अर्जेंटिना-चिलेच्या दक्षिण भागातल्या, इतर नद्यांबद्दल वेगळी माहिती लागते तिथे तीही दिली आहे.

१. हा मासा नेमका कोणता? ट्राउट मूळचा तिथलाच का?

मासा ब्राउन ट्राउट, आणि तो तिथला नाही. दक्षिण अमेरिकेतले सगळेच ट्राउट माणसाने नेऊन सोडलेले आहेत. १९३५ मध्ये जॉन गुडॉल यांनी चिलेतल्या पुएर्तो मोन्तहून सुमारे ६०,००० अंडी आणून रिओ ग्रान्देच्या कान्देलारिया आणि मॅकलेनन या उपनद्यांत सोडली. नदीत खाणं बेताचंच. त्यामुळे त्यातले काही मासे समुद्रात उतरले, तिथे पोट भरून वाढले आणि विणीसाठी परत वर आले. समुद्रात जाऊन-येऊन राहणाऱ्या या ब्राउन ट्राउटलाच सी-ट्राउट म्हणतात. ताजा आलेला मासा चांदीसारखा असतो, नदीत काही आठवडे काढले की तपकिरी पडत जातो. ४-५ किलोचा मासा इथे नेहमीचा. ९ किलो म्हणजे वीस पौंड, तो आकडा गाठायला लोक वर्षानुवर्षं येतात.

२. रिओ ग्रान्देच का? लागो स्त्रोबेल किंवा चिले का नको?

तुम्हाला काय हवंय यावर आहे.

लागो स्त्रोबेल हे तळं अर्जेंटिनाच्या सान्ता क्रूस प्रांतातल्या उजाड पठारावर आहे. ‘जुरासिक लेक’ या टोपणनावाने ते जास्त ओळखलं जातं. तळ्यातून पाणी बाहेर जात नाही आणि आत गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या स्कडचा खच असतो. तो खाऊन रेनबो ट्राउट अवाढव्य होतात. मोठे मासे संख्येने हवे असतील तर तिकडे जा. नेउकेन प्रांतातल्या माल्येओ, चिमेउइन, अलुमिने या नद्यांवर मासे लहान, पण पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायची खरी मजा तिथेच. चिलेच्या आयसेन भागात डोंगर, जंगल आणि होडीतून गरवणं.

रिओ ग्रान्दे उघड्या माळावरून वाहते. तळाशी बारीक गोटे, उतरायला सोपी. दिवसभरात दोनच झटके बसतील, पण त्यातला एक आयुष्यभराचा असू शकतो. ज्याला तासन्‌तास तीच हालचाल करायचा कंटाळा येतो त्याने इथे पैसे घालू नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

३. कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारी ते मार्च. तिथे तेव्हा उन्हाळा संपत शरद ऋतू लागतो. जानेवारीत मासे कमी पण ताजे, पाणी बहुधा जास्त, आणि रात्री दहापर्यंत उजेड. फेब्रुवारी मधला मार्ग. मार्चमध्ये नदीत मासे सर्वांत जास्त असतात, पण पाणी उतरलेलं, थंडी वाढलेली आणि मार्चअखेर साडेसातच्या आत सूर्यास्त. पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सुचवतो. नदीच्या समुद्राजवळच्या, खालच्या टप्प्यांवर जागा असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा. उधाणाच्या भरतीबरोबर ताजे मासे आत शिरतात. हे गणित कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चांगले आठवडे वर्षभर आधी भरतात.

४. मी खाडीत जिताडा गरवतो, स्पिनिंग रॉड उत्तम येतो. फ्लाय शिकायला किती वेळ लागेल?

हात तयार आहे, पण तत्त्व उलटं आहे. स्पिनिंगमध्ये ल्यूरचं, म्हणजे खोट्या आमिषाचं, वजन दोर ओढून नेतं. फ्लायला वजनच नसतं. इथे जाड दोराचं, म्हणजे लाइनचं, वजन फ्लायला घेऊन जातं. त्यामुळे जोर लावून फेकायची सवय आधी मोडावी लागते.

निघण्याआधी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धा तास एवढा सराव पुरतो. एकहाती रॉडचा सराव मैदानावर होतो. गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधा. दोन हातांच्या रॉडला मात्र पाणीच लागतं, कारण त्याचा कास्ट, म्हणजे फेक, लाइनला पाण्याने धरून ठेवण्यावर चालतो. गवतावर तो चुकीचा शिकला जातो. तलाव किंवा संथ नदी चालेल. वाऱ्याची सवय करायची तर उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रकिनाऱ्यावर उभे राहा. २० मीटर सरळ आणि न दमता पडली की पुरे. ३० मीटरच्या नादाने लोक खांदा दुखवून घेतात, आणि मासा बऱ्याचदा १५ मीटरवरच असतो.

खरा ट्राउट हाताला लागावा असं वाटत असेल तर हिमाचलमधली तीर्थन नदी आहे. मासे छोटे, पण प्रवाह वाचायला शिकवतात.

५. रॉड, रील आणि लाइन कोणती?

मुख्य रॉड १२.५ ते १३.५ फुटी, दोन हातांचा, ७ किंवा ८ वेट (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन फेकतो त्याचा क्रमांक). जोडीला ९ किंवा ९.५ फुटी एकहाती ८ वेट. रॉड मोडतोच असं नाही, पण मोडला तर जवळपास दुकान नाही, म्हणून दोन.

रीलमध्ये ३० पौंडी बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागचा बारीक राखीव दोर, किमान १५० मीटर बसलं पाहिजे आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, बंदिस्त असावा. वाऱ्याने उडालेली वाळू उघड्या ड्रॅगमध्ये शिरते आणि नेमका मासा पळतो तेव्हा तो अडकतो.

गोंधळ होतो तो लाइनवर. ८ वेट रॉडला साधारण ५२५ ग्रेनचं स्कॅजिट हेड, म्हणजे लाइनचा पुढचा आखूड, जड भाग, घ्या. ग्रेन हे वजनाचं माप आहे, ५२५ ग्रेन म्हणजे ३४ ग्रॅम. रॉड बनवणाऱ्याने दिलेला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. हेडच्या पुढे बुडणारा तुकडा, म्हणजे सिंक टिप, जोडायचा. १० फुटी टी-८, टी-११ आणि टी-१४ असे तिन्ही न्या. आकडा वाढतो तसा तुकडा जड आणि बुडण्याचा वेग जास्त. उतरलेल्या पाण्यासाठी हलक्या फ्लायचं, तरंगणारं स्कँडी हेड वेगळं.

सिंक टिपपुढचा लीडर, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोर, एक ते सव्वा मीटरच ठेवा, १५ ते २० पौंडी. इथे सगळ्यात जास्त चूक होते. लीडर तीन मीटर ठेवला की टिप खाली जाते आणि फ्लाय वरच तरंगत राहते. माणूस दिवसभर टिप बदलत बसतो. तरंगणाऱ्या लाइनवर मात्र लीडर साडेतीन ते साडेचार मीटर हवा.

६. फ्लाय कोणत्या आणि किती?

तीसेक पुरतात. पाणी चढलेलं किंवा गढूळ असेल तर काळी-जांभळी लीच, म्हणजे जळवेसारखी फ्लाय, ७ ते १० सेंटीमीटर. मध्यम पाण्यात सनरे शॅडो, वूली बगर आणि ग्रीन मशीन या नावांच्या फ्लाय. पाणी उतरून नितळ झालं की निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या अळीची नक्कल: रबराच्या पायांची आणि प्रिन्स निम्फ, गळ ८ ते १२ नंबरचा. नितळ पाण्यात मोठी फ्लाय टाकली तर मासा मागे येतो, बघतो आणि वळतो. संध्याकाळी उजेड उतरायला लागला की पुन्हा गडद आणि मोठ्याकडे या.

गळ जाड तारेचा हवा. नेहमीच्या ट्राउटसाठी बांधलेल्या छोट्या निम्फचा गळ पाच किलोच्या माशाने सरळ केलेला असतो. तयार फ्लाय घेताना गळ पक्कडीने हलकेच ओढून पाहा.

चिलेच्या जंगलातल्या नद्यांवर जाणार असाल तर पेटी वेगळी लागेल. उन्हाळ्यात तिथे कान्तारिया नावाचे मोठे भुंगे पाण्यात पडतात, त्यांच्यासाठी फोमच्या जाडजूड ड्राय फ्लाय. मोठ्या ब्राउनसाठी पान्कोरा या गोड्या पाण्यातल्या खेकड्याची नक्कल.

७. वेडर, बूट आणि कपडे?

वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार, श्वास घेणारे आणि छातीपर्यंतचे, कमरेला घट्ट पट्टा. पडल्यावर वेडरमध्ये पाणी भरू नये यासाठी तो असतो. सैल बांधला तर न बांधल्यासारखाच. बूट रबरी तळाचे. नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, तळाचे बूट नेऊ नका (कारण प्रश्न ८ मध्ये).

आतून मेरिनो लोकर, वर फ्लीस, सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारं आखूड जॅकेट. सुती काहीही नको. एका दिवसात ५ अंशांपासून १८ अंशांपर्यंत सगळं अनुभवायला मिळतं. गॉगल उन्हापेक्षा गळापासून डोळे वाचवायला आहे, तेव्हा संध्याकाळसाठी पिवळसर काचेचा दुसरा ठेवा.

८. सामान निर्जंतुक करण्याची एवढी सक्ती कशासाठी?

डिडिमो नावाच्या सूक्ष्म शेवाळासाठी. २०१० मध्ये ते चिलेच्या फुतालेउफू भागात सापडलं आणि पुढे अँडीजच्या दोन्ही बाजूंना पसरलं. ते दगडांवर ओल्या लोकरीसारखा थर धरतं. एक थेंब पाण्यातूनही पसरतं, आणि फेल्ट दिवसेंदिवस ओला राहत असल्याने तोच त्याचा आवडता प्रवासी.

कृती अशी: चिखल-गवत काढा. १० लिटरच्या बादलीत ५०० मिली भांडी घासायचं लिक्विड घालून बाकी पाण्याने भरा. वेडर, बूट, जाळं, लाइन त्यात किमान एक मिनिट पूर्ण बुडवा. बुटाचं अस्तर, नाड्या असं पाणी शोषणारं काही असेल तर अर्धा तास. मग हाताला कोरडं लागल्यावरही आणखी ४८ तास वाळवा. चिलेत शिरताना सामान निर्जंतुक केल्याचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. नदी बदलली की हे सगळं पुन्हा, त्याच देशात असलात तरी.

९. वाऱ्यात कास्ट कसा करायचा?

तिथला वारा पश्चिमेकडून येतो, आणि ताशी ४०-५० किलोमीटर म्हणजे साधा दिवस. नदी ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेला जाते, म्हणजे वारा बहुतेक वेळा प्रवाहाच्याच दिशेने. यावरून एक नियम निघतो: लाइनचा पाण्यावर टेकणारा भाग, म्हणजे अँकर, नेहमी तुमच्या खालच्या अंगाला पडला पाहिजे. वरच्या अंगाला पडला तर वारा फ्लाय उचलून थेट तुमच्या कानात आणतो.

प्रवाह डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर उजवा हात वर ठेवून डबल स्पे (लाइन मागे न फेकता पाण्यावर टेकवून पुढे सोडायच्या स्पे कास्टचा एक प्रकार). समोरच्या काठावर गेलात की प्रवाह उजवीकडून डावीकडे होतो. तिथे डावा हात वर घ्या, किंवा उजवा हात वरच ठेवून रॉड डाव्या खांद्यावरून चालवा. नदीला वळणं आहेत, तेव्हा वारा उलटा, प्रवाहाविरुद्ध लागला तर अँकर वरच्या अंगाला आणि कास्ट सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी, हे स्पेचेच दुसरे प्रकार.

एकहाती रॉडवाल्याने, वारा फेकणाऱ्या खांद्याकडून येत असेल तर नदीकडे पाठ करून मागचा कास्ट पाण्यावर सोडावा. दिसायला विचित्र, पण कान शाबूत राहतात.

आणि समोरून वारा आला की सगळेजण जोर वाढवतात. त्याने लूप, म्हणजे हवेतला लाइनचा वळसा, उघडतो आणि लाइन गोळा होऊन पडते. जोर तेवढाच ठेवा, लाइन दोन-तीन मीटर कमी करा, रॉड पाण्याच्या जवळ थांबवा.

१०. फ्लाय पाण्यात पडली, पुढे काय?

प्रवाहाला आडवी किंवा थोडी खालच्या दिशेला टाका. लगेच लाइनचा मधला भाग रॉडने उचलून वरच्या अंगाला ठेवा; याला मेंड म्हणतात. त्याने टिपला बुडायला तीन-चार सेकंद मिळतात. मग फ्लाय कमानीत आपल्या काठाकडे येऊ द्या, काठाशी आली की हाताने दहा-बारा छोटे ओढे द्या. बरेच मासे याच शेवटच्या टप्प्यात घेतात. नंतर एक मोठं पाऊल खाली, आणि परत तेच. पाऊल न टाकता एकाच जागी वीस कास्ट टाकणारे म्हणजे त्याच माशाला वीस वेळा नको असलेली वस्तू दाखवणारे.

झटका बसला की रॉड वर उचलू नका. महासीर किंवा जिताड्याच्या सवयीने हात आपोआप वर जातो आणि फ्लाय तोंडातून निसटते. रॉड खालीच ठेवून डाव्या हाताने लाइन मागे ओढा, वजन जाणवलं की मगच रॉड वर. नुसतं जड झाल्यासारखं वाटलं तरीही ओढा. सी-ट्राउट कधीकधी ओल्या फडक्यासारखा लागतो.

११. मोठा मासा लागल्यावर तो आणायचा आणि सोडायचा कसा?

पहिली धाव होऊ द्या. उडी मारली तर रॉड माशाकडे झुकवून दोर सैल करा. नंतर रॉड आडवा धरून प्रवाहाच्या खालच्या बाजूने ताण द्या. सरळ उभ्या रॉडने मासा फक्त वर उचलला जातो, दमत नाही. शक्य तितक्या लवकर आणा. अर्धा तास खेळवलेला मासा सोडल्यावर पोहत गेला तरी नंतर मरू शकतो.

जाळं रबरी, गाठी नसलेलं. हात ओले करा. मासा पाण्यातच ठेवा, गळ पक्कडीने काढा, फोटोसाठी दहा सेकंदांत वर-खाली. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीखाली. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः निघेपर्यंत.

वजन काट्याला न लटकवता काढता येतं: लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले २८,९०० (सेंटीमीटरमध्ये मोजा, उत्तर किलोत). ८० सेंटीमीटर लांब आणि ४६ घेराचा मासा म्हणजे ८० × २,११६ ÷ २८,९००, साधारण ५.९ किलो. हा अंदाज असतो. घेर एका सेंटीमीटरने चुकला तर पाव किलोचा फरक पडतो.

१२. सोडायचाच आहे तर पकडायचा कशाला? एखादा खाता येणार नाही का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. दुसऱ्याचं: लॉजच्या, म्हणजे गरवणाऱ्यांची राहण्याची सोय करणाऱ्यांच्या, पाण्यावर नाही. इतरत्र त्या टप्प्याचा त्या हंगामाचा नियम बघा, तो दरवर्षी प्रसिद्ध होतो आणि पुलाच्या वर एक, खाली दुसरा असाही असतो. गळ उलट्या काट्याशिवायचा लागतो. असेल तर पक्कडीने दाबून सपाट करा.

१३. परवाना कुठून घ्यायचा? नदीकाठ सर्वांसाठी खुला असतो का?

अर्जेंटिनात परवाना ऑनलाइन मिळतो. दिवसाचा, आठवड्याचा आणि हंगामाचा असे प्रकार, परदेशी लोकांना दर वेगळा. तिएरा देल फ्वेगोचे नियम बाकीच्या पॅटागोनियापेक्षा वेगळे असू शकतात, म्हणून घेताना प्रांत नीट निवडा. चिलेचा परवाना सेर्नापेस्का हे सरकारी खातं देतं. एकाचा परवाना दुसऱ्या देशात चालत नाही. रिओ ग्रान्दे उगम पावते चिलेत आणि समुद्राला मिळते अर्जेंटिनात, त्यामुळे ‘नदी तीच, परवाना दुसरा’ ही अडचण इथे खरोखर येते.

काठाचा मुद्दा नाजूक आहे. अर्जेंटिनाच्या २०१५ पासूनच्या नागरी संहितेत नौकानयनयोग्य पाण्याच्या काठाने १५ मीटर पट्टा मोकळा सोडायची तरतूद आहे. पण त्या पट्ट्यापर्यंत पोहोचायला खासगी एस्तान्सियाची, म्हणजे मेंढ्यांच्या अफाट वाडीची, जमीन ओलांडायचा हक्क त्यात येत नाही. सार्वजनिक पुलावरून उतरणं वेगळं आणि कुंपण ओलांडणं वेगळं.

१४. मुंबईहून कसं जायचं? कागदपत्रं कोणती?

थेट विमान नाही. आखाती देश, इस्तंबूल किंवा अदिस अबाबा, मग बहुधा ब्राझील, मग ब्वेनोस आयरेसचा एसेइसा विमानतळ. देशांतर्गत विमानं बहुतेक आएरोपार्के या शहरातल्या विमानतळावरून सुटतात, तेव्हा मधे किमान पाच तास, शक्यतो एक मुक्काम ठेवा. तिथून रिओ ग्रान्दे शहर साडेतीन तासांच्या आसपास.

व्हिसासाठी मुंबईत अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास आहे. अमेरिकेचा चालू पर्यटक व्हिसा असणाऱ्यांना अर्जेंटिना आणि चिले दोन्हीकडे सवलती आहेत. अटी बदलतात, तिकीट काढण्याआधी खात्री करा.

लोक विसरतात ते पीतज्वराचं प्रमाणपत्र. अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया हे तिन्ही देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. परतताना पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, फक्त अधिकृत केंद्रावर. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्रावर जागा मिळायला वेळ लागतो, तेव्हा दोन महिने आधी बघा.

गळ आणि पक्कड चेक-इनमध्येच टाका. देशांतर्गत विमानाला १५ किलोची मर्यादा नेहमीची आहे. वेडर-बूटच पाच किलो खातात.

१५. मोबाइलला रेंज नसते म्हणे. सॅटेलाइट कम्युनिकेटर इथून घेऊन जाऊ का?

नको. भारतात सॅटेलाइट फोन किंवा दोन्ही बाजूंनी संदेश पाठवणारं उपकरण परवानगीशिवाय बाळगता येत नाही. विमानतळावर जप्त होतं, गुन्हाही दाखल होतो, आणि ‘ट्रेकिंगसाठी आहे’ हे कारण चालत नाही. तिकडे भाड्याने घ्या, तिकडेच परत करा. लॉजवर बहुधा वाय-फाय आणि रेडिओ असतो.

१६. शाकाहारी माणसाचं काय?

कठीण, पण अशक्य नाही. तिथलं जेवण म्हणजे विस्तवाशेजारी उभं भाजलेलं कोकरू. लॉजला दोन महिने आधी लिहून कळवा, आणि ‘मासे, कोंबडीही नाही’ हे स्पष्ट लिहा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर चिकन पुढे येतं. मेतकूट, भाजणी, चटण्या न्यायला हरकत नाही, पण चिलेमार्गे जात असाल तर वनस्पती किंवा प्राण्यापासूनचा प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जात नोंदवा. नोंदवलेली पुडी फार तर काढून घेतात. न नोंदवलेल्या पुडीला दंड होतो.

१७. तब्येतीचे काही धोके?

ऊन दिसतं त्यापेक्षा तिखट, मानेवर आणि हातांच्या पाठीवर लक्ष ठेवा. अँडीजच्या पायथ्याच्या जंगलपट्ट्यात उंदरांमार्फत हंता विषाणू पसरतो. बंद पडलेल्या झोपडीत शिरण्याआधी दारं-खिडक्या अर्धा तास उघडा आणि कोरडा झाडू न मारता ब्लीचच्या पाण्याने पुसा. त्याच भागात जानेवारीत ताबानो नावाच्या मोठ्या गोमाश्या येतात. गडद निळ्या कपड्यांवर त्या तुटून पडतात.

१८. लॉजचे दर ऐकून डोळे पांढरे झाले. स्वस्तात होईल का?

रिओ ग्रान्देवर फारसं नाही. चांगली पाणी एस्तान्सियांच्या ताब्यात आहेत आणि आठवड्याचा दर माणशी हजारो डॉलरमध्ये असतो. बजेट कमी असेल तर हुनिन दे लोस आन्देस गावात खोली घ्या, गाडी भाड्याने घ्या, पुलांवरून उतरून चिमेउइन आणि माल्येओवर गरवा, आणि दोनच दिवस गाइड घ्या, तेही पहिले दोन. शेवटी गाइड घेऊन आधीच्या चुका कळण्यात अर्थ नाही.

१९. तीन दिवस झाले, एकही मासा नाही. काय बदलू?

आधी फ्लाय बदलू नका. आधी खोली. एक टिप जड लावा. तळाचा दगड अधूनमधून लागायला हवा, सतत लागत असेल तर परत हलकी. मग वेग: फ्लाय फार जोरात फिरत असेल तर जास्त खालच्या कोनात टाका. मग वेळ: दुपार सोडा आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास एकाच खोल डोहावर काढा. एवढं करून फ्लाय बदला, आणि तेव्हाही आधी आकार, नंतर रंग.

पाऊस पडून पाणी चहासारखं झालं असेल तर मधल्या धारेतून बाहेर या. मासे काठाच्या संथ पाण्यात सरकलेले असतात. तिथे गुडघ्याइतक्या पाण्यात शिरण्याआधी काठावर उभं राहूनच पहिले पाच कास्ट टाका.